रानातलं गाऱ्हाणं

आमच्या स्टोअरमध्ये कुणालाच स्वतःचं नाव नव्हतं. मी 'सातेरी' होतो. शेजारच्या टेबलावरचा नाशिककडचा मुलगा 'सप्तशृंगी' होता. हिशेब तपासायला येणारे तमिळ साहेब 'मुरुगन' होते आणि गेटवरचा मिर्झापूरचा वॉचमन 'विंध्यवासिनी'. नवा माणूस कामाला लागला की आमचे स्टोअरकीपर त्याला नाव विचारत नसत. स्टुलावर बसल्या बसल्या, छत्रीची मूठ हनुवटीखाली धरून, ते दोनच प्रश्न करत.

"गाव खंयचो? देव कोणचो?"

उत्तर आलं की त्या माणसाचं बारसं झालं. मग आयुष्यभर, निदान कारखान्याच्या भिंतीआड, तो त्या देवाच्या नावाने ओळखला जाई. "सातेरी, दोन इंची नट संपले काय बघ." "मुरुगन, तुमचा आकडा चुकला." एकदा मी धीर करून विचारलं, की हे असं का? तर म्हणाले, "ज्याचो देव म्हायत नाय, तेच्या हातात चावी कशी देवची?"

त्यांचा स्वतःचा देव कोणता, ते मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं. कोकणातले होते हे बोलण्यावरून कळायचं. नेमकं गाव विचारलं तर ते छत्री उचलून दक्षिणेकडे दाखवत आणि विषय बदलत.

आम्ही त्यांना तोंडावर 'मामा' म्हणायचो आणि पाठीमागे 'म्हाराजा'. या दुसऱ्या नावाला कारण होतं. आमच्याकडे कोकणात कुठल्याही कामाला हात घालायच्या आधी देवाला गाऱ्हाणं घालतात. एक जण मोठ्याने देवाला सांगतो, आज आम्ही अमुक करतोय, सांभाळून घे. आणि त्याच्या प्रत्येक वाक्याला बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' असा हुंकार द्यायचा. मामांनी ही रीत अंधेरीच्या एमआयडीसीत आणून ठेवली होती. नवं लेथ मशीन आलं, गाऱ्हाणं. मालाचा पहिला ट्रक निघाला, गाऱ्हाणं. स्टोअरला नवा पंखा लागला, तरी गाऱ्हाणं. आणि त्यांचा कान असा, की हुंकारातला एक जरी आवाज कमी असला तरी त्यांना कळे. मग ते हात वर करत, "एक आवाज कमी आसा," म्हणत आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करत. नव्या क्रेनच्या वेळी आमचे पारशी मॅनेजर खिशात हात घालून नुसते उभे होते. मामांनी इतक्या वेळा पहिल्यापासून सुरुवात केली की शेवटी त्या गृहस्थांनी वैतागून, गुजराती हेलात, "अरे व्हय म्हाराजा, व्हय!" असं ओरडून टाकलं. क्रेन चालू झाली. पुढे दर वेळी मॅनेजरच सगळ्यांच्या आधी हुंकार देऊ लागले.

खुर्चीशी त्यांचं वैर होतं. खुर्ची माणसाला निजवते म्हणायचे. छत्री बारा महिने हातात. पण कारखान्यात ती मी कधी उघडलेली पाहिली नाही. तिने ते रॅकवरच्या वस्तू दाखवायचे, भांडणं सोडवायचे, आणि विचार करायचा असला की हनुवटीला आधार द्यायचे.

आता माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. मी मुळातच अपराधी स्वभावाचा आहे. बसमध्ये कुणी माझ्या पायावर पाय दिला तरी माफी मीच मागतो. वडील लवकर गेले. आईने मला एकटीने वाढवलं, आणि तिच्या प्रत्येक कष्टाचं ओझं मी अंगावर घेऊन हिंडत असे. तिला न सांगता सिनेमा पाहिला तरी मला रात्रीचं जेवण जात नसे. असा माणूस प्रेमात पडला, आणि तोही गोराईच्या ख्रिस्ती मुलीच्या.

ती आमच्याच कंपनीत टेलिफोन ऑपरेटर होती. रोज सकाळी होडीने खाडी ओलांडून, मग बस बदलत अंधेरीला यायची. मामा तिला 'सायबीण' म्हणत. मेरीमातेला कोकणात जुनी माणसं त्या नावाने हाक मारतात. आमचं काय चाललंय ते सगळ्यांत आधी त्यांनाच कळलं. स्टोअरचा फोन वाजायचा, मी उचलायचो, आणि कुठलीही मागणी न लिहिता ठेवून द्यायचो. एक दिवस मामा रॅकच्या आडून म्हणाले, "सातेरी, सायबिणीक सांग, तिचो आवाज बरो आसा, पण नट-बोल्ट मागीत नाय. निदान एक नट मागूक सांग."

तिच्या वडिलांची गोराईला थोडी शेती होती आणि एका होडीत वाटा. मी भेटायला गेलो तेव्हा त्यांनी मला ताडी पाजली आणि सरळ सांगितलं, "पोरा, तू चांगला हायेस. पण लगीन चर्चमधी. देवळात मी पाय ठेवनार नाय." इकडे चारकोपच्या आमच्या नव्या घरात आईने चूल आणि तोंड दोन्ही बंद केलं. दोन वाक्यं बोलली, तीही भिंतीकडे बघून. "चर्चाच्या दारात मी उभी रवाची नाय." मी कोर्टातल्या लग्नाचं काढलं तेव्हा म्हणाली, "कोर्टात माणसा सुटाक जातत, बांधून घेवक नाय."

कायद्याने आम्हाला कुणाची गरज नव्हती. वांद्र्याच्या ऑफिसात सही केली की झालं असतं. पण आई नसलेल्या लग्नात मी कसा उभा राहणार होतो? आणि आईसाठी त्या मुलीला 'नाही' कसं सांगणार होतो? वर्ष तसंच गेलं. दोघींचीही फसवणूक करतोय असं मला वाटत राही. शेवटी एका संध्याकाळी मामांना म्हणालो, "मी तिला उद्या सांगून टाकतो. जमणार नाही म्हणून."

मामांनी छत्री हनुवटीखालून काढली.

"बोरिवलीचा रान कोणाचा?"

"कुठलं रान? नॅशनल पार्क? सरकारचं."

"सरकारचो देव कोणचो?"

"सरकारला कुठला आलाय देव?"

"मगे झाला तर," ते म्हणाले आणि रॅक मोजायला निघून गेले.

अशा रीतीने माझं लग्न रानात ठरलं.

आमच्या भागातल्या कारखान्यांना तेव्हा वीज वाचवायला सुट्ट्यांचे वार वाटून दिले होते, आमचा शुक्रवार. शुक्रवारी पार्कात गर्दी नसे. मामा, मी आणि ती असे तिघं जागा बघायला जाऊ लागलो. जागा बघणं म्हणजे काय, ते त्यांच्याबरोबर गेल्याशिवाय कळणार नाही. आधी ते झाडांना स्वतःची ओळख करून द्यायचे. मग छत्री जमिनीत रोवून, डोळे मिटून, उकिडवे बसायचे. आम्ही दोघं जवळच उभे. बऱ्याच वेळाने डोळे उघडून ते निकाल द्यायचे. एक जागा उताराची म्हणून गेली: "हार घालताना नवरो घसारतलो." एक माकडांची म्हणून गेली. एक मोकळी, सपाट, सावलीची जागा मला फार आवडली होती. तीही नापास.

"इथे काय वाईट आहे, मामा?" तिने विचारलं.

त्यांनी छत्रीने झुडपांकडे दाखवलं. तिथे दोन जोडपी पाठ फिरवून बसली होती. "ह्यांका उठवन तुमचा लगीन लावचा? ह्यांचा पण व्हायचा आसा."

ती इतकी हसली की ती जोडपीच घाबरून उठून गेली. मला मात्र त्यांची माफी मागावीशी वाटत होती. मामांनी माझ्याकडे बघून मान हलवली. "तू गुन्हो केल्यासारखो चेहरो करून बोहल्यार उभो रवतलंस तर आधीच सांग. मी दुसरो नवरो बघतंय."

पार्काच्या ऑफिसातल्या अधिकाऱ्याने आमचा अर्ज दोनदा वाचला.

"लग्न? इथे? अहो, मंडप चालणार नाही, लाऊडस्पीकर नाही, चूल नाही, जाळ नाही. सहल करायची तर करा."

"सहलच आसा," मामा म्हणाले.

"मग हार कशाला लिहिलेत अर्जात?"

"सहलीक इलेली माणसा एकमेकांक घालतली."

अधिकारी हसला आणि सही करून म्हणाला, "सहाला गेट बंद होतं. त्याच्या आधी सगळे बाहेर. बिबट्या काय हार बघून थांबायचा नाही, काका."

अग्नीची अडचण मामांनी कंदिलाने सोडवली. काचेत असला म्हणून तो अग्नी नव्हे काय, असा त्यांचा सवाल होता. अक्षता त्यांनीच रद्द केल्या. "तांदूळ टाकलात तर झाडावरचा वऱ्हाड खाली येतला." भटजी नको, पाद्री नको, गाऱ्हाणं घालायचं आणि हार घालायचे. तिच्या वडिलांची एकच अट होती. "देवाचं नाव घ्या, कुनाच्याबी. पन आमच्या मावलीचं नाव त्यात आलं पायजे." मामांनी छातीवर हात ठेवून शब्द दिला.

तारीख काढणं सोपं नव्हतं. आमचा पौष संपायला हवा होता आणि त्यांचा ईस्टरच्या आधीचा उपासकाळ सुरू व्हायच्या आत उरकायला हवं होतं. मध्ये माघाची एवढीशी फट सापडली. त्यातला एक शुक्रवार धरला. शुक्रवार म्हणून त्यांच्या जुन्या माणसांना मटण चालणार नव्हतं आणि आमच्याकडच्या बायकांचा देवीचा वार. म्हणून वडे आणि काळ्या वाटाण्यांचं सांबार. ते मामांच्या बायकोने, मामींनी, करायचं पत्करलं. सगळं ठरलं. राहिली आई.

मामा आमच्या घरी आले ते दुपारी, जेवणं उरकल्यावर. आत आले नाहीत. उंबऱ्यावर बसले.

"वैनी, आमंत्रण घेवन इलंय."

"माका नको आमंत्रण."

"तुमका नायच. तुमच्या देवाक. देव कोणचो तुमचो?"

आई माझ्याकडे बघून म्हणाली, "सातेरी. ह्येना सांगूक नाय?"

ज्या माणसाने मला वर्षानुवर्षं त्याच नावाने हाका मारल्या होत्या, तो भोळ्या चेहऱ्याने मान डोलवत होता. त्यांनी खिशातून सुपारी काढून देवीच्या तसबिरीपुढे ठेवली, हात जोडले आणि आईकडे वळले.

"सातेरी येतली लग्नाक. पण तिका वाट कोण दाखवतला? चारकोपाक तुमी हाडलात म्हणान ती इली. बोरिवलेक ती कधी गेली नाय. बस खंयची, तिका काय म्हायत?"

आईचा चेहरा हलला नाही. "चाय पिवा आणि जावा," ती म्हणाली.

त्यांनी चहा घेतला. चप्पल घालताना, जणू सहज आठवलं म्हणून, मागे न बघता म्हणाले, "लग्नाक येव नकात. रान बघूक येवा. थंय कुंभो आसा. फुललेलो."

दुसऱ्या दिवशी भाकऱ्या थापता थापता आईने विचारलं, "मुंबयत कुंभो खंयचो?" कुंभ्याचं झाड आमच्या गावच्या घराच्या मागे होतं. मी म्हणालो, आहे, मी पाहिलाय. तिने पुढची भाकरी तव्यावर टाकली. लग्नाच्या दिवशी मी कपडे करून निघालो तेव्हा ती माळ्यावरचे डबे खाली काढून पुसत बसली होती. मी पाया पडलो. तिने पाय मागे घेतले नाहीत, पण हातही डोक्यावर ठेवला नाही.

रानात सगळं नीट जमून आलं होतं. पळसाला फुलं आली होती, ऐनाची पानं गळून खाली करकरत होती. स्टोअरचे सगळे देव हजर होते. मुरुगन साहेब तर कोट घालून आले होते. गोराईची माणसं होडी आणि बस करत आली होती, बायका लाल लुगडी नेसून. भर उन्हात कंदील पेटवून ठेवला होता आणि ऑफिसने बरोबर दिलेला गार्ड त्याच्याजवळ, सगळं रान त्या कंदिलाने पेटणार असल्यासारखा, पहारा देत बसला होता. ती पांढरी साडी नेसली होती आणि साडीला हिरवी किनार लावून घेतली होती. मी तिच्याकडे नीट बघतसुद्धा नव्हतो. मी वाटेकडे बघत होतो.

माझा सख्खा मामा आला नव्हता. मामांनी माझ्या पाठीमागे जागा घेतली. "मामा म्हणतंस मा माका? मगे फाटी मीच उभो रवतलंय."

आणि तेव्हा मला आई दिसली. आम्ही होतो तिथून बरीच लांब, कुंभ्याच्या झाडाखाली, आमच्याकडे पाठ करून ती उभी होती. रोजचीच साडी, हातात पिशवी. मान वर करून झाडाकडे बघत होती, अगदी रान बघायला आलेल्या बाईसारखी. मी तिच्याकडे धावणार, तेवढ्यात छत्री आडवी आली.

"रव. ती रान बघूक इल्ली आसा. बघूंदे तिका."

मामा पुढे झाले. कंदिलासमोर, माझ्या शेजारी उभे राहिले. छत्री खांद्याला लावली.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" स्टोअरने सवयीने आवाज दिला.

"ह्या रानाच्या राखणदारा, ह्या वाघांच्या नि वानरांच्या धन्या म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"खाडयेपलीकडच्या सायबिणी, तुझा चेडू आज नवरी होवन आमच्या घरात येता, तेच्यार लक्ष ठेव गे माये म्हाराजा!"

आता गोराईकरांना कळलं होतं काय करायचं ते. त्यांनी असा हुंकार दिला की पोपटांचा थवा उडाला. तिच्या वडिलांचा आवाज सगळ्यांत मोठा होता. मामांनी हात वर केला.

"एक आवाज कमी आसा."

आणि पुन्हा पहिल्यापासून. राखणदार, वाघ, वानरं, सायबीण. पुन्हा हात वर. "एक आवाज कमी." पुन्हा पहिल्यापासून. मुरुगन साहेबांच्या मानेच्या शिरा फुगल्या. तिचे वडील माझ्या कानाशी म्हणाले, "जावईबापू, कोन नाय बोलत रं? सांग, मी बोलायला लावतो त्याला." उन्हं पिवळी पडली होती. गार्ड उठला.

"मामा, टाइम होतोय ना. आटपा की पटापट. गेट बंद झालं तर माझी वाट लागेल."

"देवाचा गेट बंद होणा नाय, सायबानु. बसा."

झाडाखालची पाठ तशीच होती. आता गेट बंद होणार, सगळे अर्ध्या लग्नातून उठणार, गोराईकर चिडणार, आणि नवरी माझ्याकडे बघत उभी राहणार, असं सगळं मला दिसू लागलं. मामांनी पुन्हा सुरुवात केली. या वेळी ते सायबिणीपाशी थांबले नाहीत. पुढे गेले.

"आणि नवऱ्याच्या गावच्या देवा, रवळनाथा म्हाराजा!"

हुंकार आलाच नाही. सप्तशृंगीने माझ्याकडे बघितलं. गेली कितीतरी वर्षं दिवसातून पन्नास वेळा जी हाक कारखान्यात घुमत होती, ती मामा विसरले? मी तोंड उघडलं, तेवढ्यात माझ्या पायावर काहीतरी टोचलं. छत्रीचं टोक. मामा समोर बघत होते, पण त्यांनी छत्री माझ्या बोटांवर रोवून ठेवली होती. त्यांनी दुप्पट आवाजात म्हटलं, "रवळनाथा म्हाराजा! ह्यो तुझो झिल—"

"ओ! ओ मेल्या!"

सगळ्यांनी मागे वळून पाहिलं.

"रवळनाथ आमचो न्हय!"

"काय म्हणतास?" मामांनी कानाला हात लावला. "आयकाक येणा नाय!"

आई पाचोळा तुडवत यायला लागली. "रवळनाथ खालच्या गावचो! खालच्या गावचो!"

"जरा जवळ येवा, वैनी! कान गेले माझे!"

ती अगदी कंदिलापर्यंत आली. तिच्या कपाळावर घाम होता आणि डोळ्यांत असा राग, जो मी वडील गेल्यापासून पाहिला नव्हता. वर्षभर ती भिंतीशी बोलत होती. आता ती माणसाशी भांडत होती.

"शिरा पडली तुझ्या तोंडार! खालच्या गावच्या पालखेक आमी वाट देणव नाय. माझे सासरे हद्दीवर आडवे निजलेले. आणि तू माझ्या झिलाचा लगीन तेच्या पदरात घालतंस?"

"मगे तुमचो देव कोण?"

"सातेरी! दारात बसान चाय पिलंस तेव्हा सांगलेलंय मा तुका?"

"वय झाला, वैनी. विसारलंय." मामा इतके केविलवाणे दिसत होते की मलाच त्यांची दया आली. "तुमी हय माझ्या बाजूक रवा आणि सांगत जावा. परत चूक झाली तर पोरांच्या संसाराक बाधा."

आई त्यांच्या बाजूला उभी राहिली. मामांनी पहिल्यापासून सुरुवात केली. राखणदार झाला. वाघ-वानरं झाली. सायबीण झाली, तेव्हा आई किंचित चुळबुळली, पण गप्प राहिली. मग मामा अडखळले.

"आणि नवऱ्याच्या गावच्या... गावच्या..."

"आई सातेरी," आई दातओठ खात म्हणाली.

"आई सातेरी..."

"म्हाराजा म्हण!"

"म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आईचा आवाज सगळ्यांच्या वर गेला.

मामांनी मान तिरपी करून ऐकलं. या वेळी हात वर गेला नाही.

"काय वाकडा असात ता सरळ कर. काय चुकला माकला असात ता पदरात घे म्हाराजा!"

हे वाक्य मी कारखान्यात किती वेळा ऐकलं असेल. लेथ मशीनसाठी, ट्रकसाठी, पंख्यासाठी 'व्हय' म्हटलं असेल. त्या दिवशी मात्र मी आईकडेच बघत राहिलो. सगळ्यांनी हुंकार दिला आणि मामा थांबून राहिले. "नवऱ्याचो हुंकार खंय?" मी कसाबसा बोललो. माझा आवाज फुटला होता. नवरी हसली नाही; तिने माझी बाही धरली.

हार घातले गेले. कंदिलाभोवती फेरे झाले. गार्डने शिट्टी वाजवली. तेवढ्यात आई म्हणाली, "थांबा," आणि तिने पिशवीत हात घातला. पिशवीतून नारळ निघाला, हिरवा खण निघाला, ओटीचे तांदूळ निघाले. रान बघायला येताना तिने हे सगळं घरून बांधून आणलं होतं. तिने माझ्या बायकोला पाचोळ्यातच बसवलं आणि तिची ओटी भरली. तिला पदर कसा धरायचा ते माहीत नव्हतं. आईने तिचे हात धरून दाखवलं. वरून एक माकड सरसरत खाली आलं, तर मामांनी आयुष्यात पहिल्यांदाच छत्री उघडली आणि ती ओटीवर धरली.

गेटापर्यंत आम्ही सगळे जवळजवळ धावतच गेलो. पुढे गार्ड, मागे कंदील घेतलेले मामा. वडे आम्ही गेटाबाहेर, बसस्टॉपवर उभ्यानेच खाल्ले. आई आणि माझे सासरे सुक्या बोंबलांवर बोलत होते. मी एका बाजूला उभा होतो, आणि मला कळेना की मला काय होतंय. खूप दिवस दाढ दुखत असावी आणि एकदम थांबावी, तसं वाटत होतं. सवयीने मी दुखरी जागा शोधत होतो, ती सापडत नव्हती.

त्यानंतर मामा आमच्याकडे येत राहिले. चारकोपच्या उंबऱ्यावर बसायचे, चहा घ्यायचे. घरी ते मला कधी चुकूनसुद्धा 'सातेरी' म्हणाले नाहीत, 'झिला', म्हणजे पोरा, म्हणत. आणि दर वेळी निघताना तसबिरीला हात जोडून म्हणत, "बरा तर, रवळनाथा." मग आई पेटायची. "सातेरी, मेल्या, सातेरी! किती येळा शिकवचा तुका?" माझी बायको तोंडाला पदर लावून आत पळायची. बाकीचे दिवस आई गुडघे धरून बसायची, पण मामा येऊन गेले की संध्याकाळभर ती ताजीतवानी असे. मामांचं डोकं कसं कामातून गेलंय ते आम्हा दोघांना सांगताना तिला फार बरं वाटे. आईपासून लपवलेल्या प्रत्येक गोष्टीने माझी झोप घालवली आहे. ही एक गोष्ट मी इतकी वर्षं लपवली आणि गाढ झोपलो.

ते निवृत्त झाले आणि गावी जायला निघाले, तेव्हा निरोप घ्यायला आले. बाहेर टॅक्सी उभी होती, मामी आत बसल्या होत्या. मामांनी चहा घेतला, उठले, तसबिरीसमोर उभे राहिले. आई वाट बघतच होती. पण त्या दिवशी त्यांनी हात जोडले आणि न अडखळता म्हटलं, "येतंय, आई सातेरी."

"शिकलंस एकदाचो!" आई म्हणाली. मग जरा थांबून, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, तिने त्यांना विचारलं, "तुझो देव कोणचो रे?"

मामांनी छत्री दक्षिणेकडे उचलली. मग ती खाली घेतली.

"रवळनाथ," ते म्हणाले. "तुमच्या खालच्या गावचो."

बाहेर टॅक्सीवाल्याने हॉर्न वाजवला. आईने त्यांच्या देवाला इतकी वर्षं काय काय म्हटलं होतं ते सगळं मला एकदम आठवलं.

"म्हणान तुझ्या तोंडात तोच येय होतो," आई शेवटी म्हणाली. "आपल्या देवाचा नाव घेतलंस. ती काय चूक न्हय."

आणि तिने पदर खोचला. आमच्याकडे बायकांनी गाऱ्हाणं घालायची रीत नाही. पण ती उंबऱ्यात उभी राहिली, हात जोडले आणि मोठ्याने म्हणाली, "बा रवळनाथा म्हाराजा! तुझो झिल माघारी येता. तेका सुखरूप पोचव म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," मी म्हणालो, माझी बायको म्हणाली, टॅक्सीतून मामी म्हणाल्या.

मामा छत्रीवर हनुवटी टेकून उभे होते. त्यांचे ओठ हलले, पण आवाज आला नाही.

आईने हात वर केला.

"एक आवाज कमी आसा," ती म्हणाली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.